इंडोनेशियाच्या नोटेवरचा गणपती

गणेशोत्सव जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर ती नोट उगवतेच. वीस हजार रुपियाची, त्यावर गणपती, आणि खाली मजकूर: 'एवढा मोठा मुस्लिम देश नोटेवर बाप्पा छापतो, म्हणून त्यांची अर्थव्यवस्था भक्कम! आणि आपण?' यंदा नानाकाकांनी पाठवली. मी कामानिमित्त दोन वर्षं इंडोनेशियातल्या बांडुंगला राहिले आहे, त्यामुळे माझे हात शिवशिवतात.

अहो, ती नोट १९९८ची! त्याच वर्षी रुपियाची पार धूळधाण उडाली होती. १९९७च्या मध्याला डॉलरमागे साधारण २,४०० रुपिया मोजावे लागत, ते वर्षभरात १५,०००च्या वर गेले. मे १९९८मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंना खुर्ची सोडावी लागली. बाप्पा पावायला मुहूर्त फारच विचित्र म्हणायचा. २००८च्या अखेरीस ती नोट चलनातून बादही झाली. पण २०२२मध्ये खुद्द केजरीवालांनी भर पत्रकार परिषदेत इंडोनेशियाच्या नोटेचा दाखला दिला, तिथं नानाकाकांना काय बोलणार?

मग गणपती तिथं आला कसा? नोटेवर मुख्य चित्र आहे ते 'की हाजर देवांतारा' या नावाच्या शिक्षणतज्ज्ञाचं. डच राजवटीत, १९२२मध्ये, देशी मुलांसाठी 'तामान सिस्वा' या शाळा सुरू करणारे हे गृहस्थ. त्यांचा जन्मदिवस, २ मे, तिथं राष्ट्रीय शिक्षण दिन असतो. नोटेच्या मागच्या बाजूला वर्ग भरलाय. शिक्षणाची नोट, म्हणून विद्येचा गणपती, एवढंच. बांडुंगच्या नावाजलेल्या तंत्रज्ञान संस्थेच्या बोधचिन्हातही तोच आहे, आणि संस्थेसमोरच्या रस्त्याचं नाव 'जालान गानेशा'. तिथं शिकलेल्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला मी मोठ्या कौतुकानं विचारलं, "तुम्ही मानता याला?" तो गोंधळलाच. "मानायचं म्हणजे? आमच्या कॉलेजचा लोगो आहे तो."

त्याचं ते गोंधळणं मला फार आवडलं. रमजानच्या रोज्याला तिथं 'पुआसा' म्हणतात, म्हणजे आपला उपवास! नवरा 'सुआमी', पाप 'दोसा', स्वर्ग 'सुर्गा'. पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, त्यांच्या नावात कर्ण. प्रम्बानानच्या देवळाजवळ रामायण नाचणारे बरेचसे कलाकार मुस्लिम. आणि जावाच्या छायाबाहुल्यांच्या महाभारतात द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको! यातलं काहीही उसनं आणलंय असं तिथं कुणाच्या मनातही येत नाही. आपणच तिथं जाऊन 'अरे, हे तर आमचं' म्हणत स्वतःची पाठ थोपटून घेतो.

दुसऱ्या टोकाचे मित्रही कमी नाहीत. 'बघा, याला म्हणतात सर्वधर्मसमभाव!' त्यांनी आचेह प्रांतात शरियतखाली जाहीरपणे मारले जाणारे वेताचे फटके बघावेत. जकार्ताचे ख्रिश्चन गव्हर्नर अहोक यांना २०१७मध्ये धर्मनिंदेसाठी दोन वर्षांची कैद झाली, तेही आठवावं.

राहिलं हिंदूबहुल बाली. ते वेगळा देश नाही, सतरा हजारांवर बेटांतलं एक बेट आहे. पण तिथला 'न्येपी' म्हणजे शक कालगणनेतलं नवं वर्ष. २०२३मध्ये न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी आले, दोन्हीकडे शके १९४५. इकडे ढोलताशांच्या शोभायात्रा, तिकडे दिवे बंद, रस्ते ओस, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

यातलं निम्मं मी ग्रुपवर लिहिलं. तासाभरानं नानाकाकांचं उत्तर आलं, "ते सगळं असू दे गं, पण नोटेवर गणपती आहे ना?"

"होता, काका. होता."