लिटर नैसर्गिक आहे हो, पण बंड्याला दमा आहे त्याचं काय?

गेले दोन-तीन महिने मांजरवाल्यांच्यात एक मेसेज फिरतोय, मला एकटीला तो चार जणांकडून आलाय, त्यात आमची तासगावची मावशी पण आली. मेसेज थोडक्यात असा, की दुकानातलं मातीचं लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ते) म्हणजे केमिकल, त्यातल्या सिलिकानं मांजराची फुफ्फुसं कापली जातात, दमा आणि किडनीचे आजार त्यानंच होतात, मांजर आजारी असेल तर आजच बंद करा आणि नैसर्गिक वापरा. नैसर्गिक म्हणजे काय तर लाकडाचा भुसा, उसाची चिपाडं, चुलीची राख, नदीची वाळू, वरून चमचाभर हळद आणि निलगिरीचे चार थेंब. शून्य खर्च, शून्य साईड इफेक्ट. खाली हात जोडलेले.

यातलं निम्मं मी स्वतः करून बसलेय म्हणून लिहितेय, नाहीतर फॉरवर्डला उत्तरं देत बसायला मला पण वेळ नाही.

आमचा बंड्या, पिवळा बोका, वय पाच, सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमधून बाहेर न पडणारा. तो खोकायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं पोटात केसांचा गोळा अडकलाय, कारण दिसतं अगदी तसंच, पोट जमिनीला टेकवून मान पुढं ताणून खक खक खक, पण बाहेर काहीच पडत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि दमा म्हणाले. आता त्याला स्पेसर आणि छोटा मास्क लावून इनहेलर देतो (हो, मांजरांना पण देतात, आमच्याकडं बघायला शेजारची पोरं येतात). डॉक्टर म्हणाले घरातला धुरळा आणि धूर कमी करा, आणि त्याच आठवड्यात हा मेसेज आला. मग काय, आम्ही देवानं पाठवल्यासारखा घेतला.

आता एकेक बघू.

मातीचं लिटर म्हणजे केमिकल, हे पहिलं. अहो ती माती आहे. गोळे होणारं जे लिटर मिळतं ते बेंटोनाइट, जमिनीतून खणून काढतात, कच्छमध्ये आणि तिकडं बाडमेरला त्याच्या खाणी आहेत, आपल्याकडं अर्थिंगच्या खड्ड्यात घालतात ते हेच. पाणी लागलं की फुगतं म्हणून गोळा होतो. आणि गोळे न होणारं जुनं लिटर तर मुलतानी माती. 1947 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड लो म्हणून एकानं शेजारणीला तिच्या मांजरासाठी ही माती दिली, तिथनं हा सगळा धंदा सुरू झाला. आणि शेजारीण त्याच्या आधी काय वापरत होती माहितीय का? राख! थंडीत तिची वाळू गोठली म्हणून राख वापरायला लागली आणि घरभर काळे पंजे. म्हणजे मेसेज आपल्याला 'नवा' उपाय म्हणून जे सांगतोय ते सोडूनच लोक मातीवर आले. केमिकल म्हणायचंच असेल तर लिटरमध्ये घातलेल्या सेंटला म्हणा, गुलाबाच्या नि लॅव्हेंडरच्या वासाच्या पिशव्या असतात त्याला, तिथं मी तुमच्या बाजूनं आहे.

सिलिकाबद्दल मेसेजनं दोन गोष्टींची खिचडी केलीय. बुटाच्या खोक्यात जी पुडी निघते ती सिलिका जेल, क्रिस्टल लिटर म्हणजे तेच, आणि नाव क्रिस्टल असलं तरी ते काही क्वार्ट्झसारखं स्फटिक नाही. घातक असतो तो क्वार्ट्झचा बारीक धुरळा, खाणीत दगड फोडणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं छातीत जाऊन सिलिकोसिस होतो तो. मातीच्या लिटरमध्ये क्वार्ट्झ थोडंफार असू शकतं हे खरं, पण दम्याच्या मांजराला त्रास व्हायला क्वार्ट्झच लागतं असं नाही ना, कुठलाही धुरळा चालतो. मेसेजमधलं एवढं मात्र बरोबर आहे की स्वस्तातल्या मातीच्या लिटरचा धुरळा उडतो आणि दमेकरी मांजरानं त्यात नाक खुपसून खड्डा खणणं वाईट. आम्ही पण ते बंद केलं, त्यात चूक नव्हती. चूक झाली ती त्याच्या जागी काय आणलं त्यात.

आम्ही आधी भुसा आणला. वखारीतनं, फुकट, पोतं भरून. त्यात सागवान किती, बाभूळ किती, प्लायवूड किती देव जाणे, प्लायवूडचा डिंक वेगळाच. बंड्यानं एकदा उकरलं आणि खिडकीच्या उन्हात मला जो धुरळा दिसला तो मातीच्या लिटरच्या दुप्पट, त्या रात्री दोनदा जास्तीचा पंप द्यावा लागला (तो पण डॉक्टरांना फोन करून, मनानं नाही). मग आमच्या हिनं, म्हणजे धाकट्या बहिणीनं, चिपाडांची आयडिया काढली. आपल्या भागात चिपाडाला काय कमी, गुऱ्हाळावर ढीग लागलेले असतात. पण साखर कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, जुन्या भिजट बगॅसच्या, म्हणजे चिपाडाच्याच, ढिगाजवळ काम करून माणसांच्या छातीला होतो त्या आजाराला नावच बगॅसोसिस आहे. चिपाडात साखरेचा अंश राहतो, ओल राहिली की आतून तापतं, बुरशीसारखे जंतू वाढतात आणि वाळल्यावर त्यांचा धुरळा उडतो. धडधाकट माणसाच्या छातीला जे सोसत नाही ते मी दमेकरी बोक्याच्या नाकाखाली ठेवणार होते. वडिलांनी वेळेत अडवलं म्हणून, ते म्हणाले अगं गाळप संपल्यानंतरचं चिपाड आहे हे, हात घालून बघ आत गरम आहे.

लाकडाच्या दाबून केलेल्या गोळ्या, पेलेट, त्या वेगळ्या बरं का. पाईनच्या असतील आणि भट्टीत नीट वाळवलेल्या असतील तर त्यातलं वासाचं तेल बरंच उडून गेलेलं असतं आणि धुरळा पण कमी. कच्च्या देवदार-पाईनचा वास माणसाला छान वाटतो, मांजरांना नाही.

राख. आजीच्या काळात राखेनं भांडी घासून हात कसे व्हायचे आठवतंय? कारण राख अल्कली असते, ओली झाली की जास्तच. पंजाच्या गादीला आणि चाटल्यावर जिभेला तेच लागणार, मांजर पंजे चाटतंच. आणि गंमत म्हणजे लघवीत अल्कली मिसळली की त्यातला अमोनिया उलट जास्त सुटतो, म्हणजे वास घालवायला टाकली आणि नाकाला झोंबणारा वास वाढला. दम्याला अमोनिया कसा चालेल. चुना टाकायला सांगणारे पण भेटले, त्यांना मी नमस्कार करून पुढं गेले.

नदीची वाळू म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, तर समोरच्या बांधकामाचा ढीग. त्यात गल्लीतली सगळी मांजरं आधीच जाऊन आलेली असतात, त्यांच्या जंतांची अंडी फुकट मिळतात. पुढं नाही लिहीत.

हळद. सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलायला धाडस लागतं, आपल्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, मार्केट यार्डात जाऊन आलं की कपड्यांना वास चिकटतो, सगळं मान्य. पण ट्रेमध्ये हळद म्हणजे अजून एक बारीक पूड, अजून धुरळा, आणि जंतू मारायचं काम तिथं हळद करत नाही, रोज झारा घेऊन घाण काढणारा माणूस करतो. शिवाय मावशीची पांढरी मनी चार दिवस लग्नघरातून आल्यासारखी फिरत होती.

निलगिरीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मांजराच्या लिव्हरला काही काही पदार्थ निकामी करायची जी एक वाट आपल्याला असते ती नीट चालत नाही, म्हणूनच माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी पण मांजराला मारू शकते. म्हणून निलगिरी, टी ट्रीचं तेल, कापूर आणि ट्रे धुवायचं फिनाईल, हे सगळं ट्रेपासून लांब ठेवा. ट्रे साध्या साबणानं धुवायचा नि उन्हात वाळवायचा. आमच्याकडं आई ट्रेच्या वासावर उपाय म्हणून त्याच खोलीत धूप लावत होती, ते कळायला आम्हाला महिना लागला, आणि डास मारायची कॉइल वेगळीच.

आता किडनी, आणि माझा खरा राग इथं आहे. लिटरवर पाय ठेवून किडनी जात नाही. म्हाताऱ्या मांजरांमध्ये किडनीचा आजार तसाही खूप दिसतो. लिटर खाल्लं तर गोष्ट वेगळी, 1996 मध्ये गोळे होणारं मातीचं लिटर खाल्लेल्या एका मांजराची केस छापून आलीय, रक्त कमी, पोटॅशियम कमी. म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना गोळे होणारं लिटर देत नाहीत, ती सगळं तोंडात घालतात. पण मोठं मांजर अचानक लिटर चाटायला लागलं तर लिटरला दोष देण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्या, रक्त कमी झालेली मांजरं असं करतात.

उलट किडनी, डायबेटीस किंवा लघवीचा त्रास असलेल्या मांजराला गोळे होणारं लिटरच कामाचं, कारण लघवी मोजता येते. रोज साधारण दोन ते चार गोळे, अमुक एवढे मोठे, हे तुमच्या डोळ्यात बसतं. गोळे मोठे आणि जास्त व्हायला लागले की किडनी नाहीतर साखर. बारके बारके, लिंबाएवढे पण नाहीत असे खूप, म्हणजे लघवीला जळजळ. आणि बोका ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि गोळाच नाही, तर रात्र असू दे नाहीतर दिवाळी, उचलायचं आणि डॉक्टरकडं पळायचं, लघवीची नळी बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी हाच मेसेज वाचून पेलेट आणल्या. त्या ओल्या झाल्या की भुगा होतात, गोळा नाही, त्यामुळं किती झालं कळायला मार्ग नाही. त्यांचा बोका सारखा ट्रेमध्ये बसायला लागला, काकांना वाटलं संडासला खडा होतोय, एक अख्खा दिवस गेला त्यात. कॅथेटर घालून वाचला तो. काका अजून म्हणतात माझं चुकलं, मी म्हणते काका तुमचं नाही, ज्यानं 'सगळ्या आजारांना एकच' असं लिहिलं त्याचं.

'आजच बंद करा' हे पण चूक. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठ-दहा दिवसांत बदलायचं. आम्ही एका संध्याकाळी बदललं आणि बंड्यानं आईच्या गादीवर निकाल दिला.

मग वापरायचं काय? आम्ही आता टोफूचं वापरतो, सोयाबीनचा चोथा असतो तो, बिनवासाचा. गोळे होतात, धुरळा कमी. साईड इफेक्ट शून्य नाहीत हां. पावसाळ्यात उघड्या पिशवीला बुरशी येते, मुंग्या लागतात, म्हणून छोटी पिशवी आणि घट्ट झाकणाचा डबा. ॲलर्जीसाठी मांजराचं खाणं बदलून बघत असाल तर सोया किंवा मक्याचं लिटर वापरताय हे डॉक्टरांना सांगा, काही मांजरं ते खातात. पिशवीवर फ्लश करा लिहिलेलं असतं, ते सेप्टिक टँकवाल्यांनी वाचून सोडून द्यावं. आणि कुठलंही घेताना पिशवीवरची हिरवी पानं बघू नका, मूठभर लिटर सकाळच्या उन्हाच्या तिरिपेत एका ट्रेमधून दुसऱ्यात ओतून बघा, काय उडतंय ते दिसतं.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं, अर्धा तास. ती म्हणाली बरं, नाही टाकत राख, पण चाळून पोतंभर ठेवलीय की गं मी, तिचं काय करू? कुंड्यांना घाल म्हटलं, थोडी थोडी.