'आठवडाभर सगळ्या गोळ्या बंद' : एका प्रतिक्रियेला उत्तर

ऑपरेशन आणि हृदयाच्या औषधांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय : "बाई, तुम्ही डॉक्टर आहात का? फालतू भीती घालू नका. ऑपरेशनआधी आठवडाभर हार्टच्या सगळ्या गोळ्या बंद करायच्या असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या वडिलांच्या हर्नियाच्या वेळी तेच केलं, काही झालं नाही. लेखही लांबलचक."

लेख लांबला, मान्य. दोन भाग करायला हवे होते.

पण 'फालतू' कशासाठी? पटलं नाही तर तसं सरळ सांगता येतं. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. तेवढंही न वाचता तुम्ही मला दटावायला आलात. मी नर्स होते. नोकरीची बहुतेक वर्षं हृदयरोग विभागात गेली, आणि शेंबड्या पोरांचे सल्ले ऐकून आलेले पेशंट मी स्वतः सांभाळलेत.

हृदयाचा पेशंट चार-पाच प्रकारच्या गोळ्या घेतो आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा असतो. मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी आटोक्यात ठेवणारं औषध) रोज घेणाऱ्याने ते एकदम सोडलं तर नाडी आणि बीपी उसळतं, हार्ट ॲटॅकही येऊ शकतो. म्हणून ती गोळी सहसा ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर देतात. 'उपाशी ठेवायचंय' म्हणून घरचे नेमकी तीच चुकवतात! आणि जो ती घेतच नव्हता, त्याला ऐनवेळी मोठ्या डोसात सुरू करणंही वाईट : २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पॉइज नावाच्या औषध-चाचणीत ८,००० हून जास्त पेशंट होते, हार्ट ॲटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन चालूच ठेवतात. डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाची, हृदय कमजोर असलेल्यांनाही देतात ती गोळी) मात्र ३ दिवस आधी थांबवतात, कारण साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन, म्हणजे रक्त आम्लधर्मी करणारे पदार्थ, धोकादायक प्रमाणात साठू शकतात.

राहिल्या रक्त पातळ करणाऱ्या. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन थांबवायची ठरली तर साधारण ५ दिवस आधी. मोतीबिंदूसाठी बहुतेकदा थांबवावीच लागत नाही. पण स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) नवा असेल तर या गोळ्या थांबवल्यावर गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. म्हणून टाळता येणारं ऑपरेशन शक्यतो ६ महिने, हार्ट ॲटॅकनंतरचा स्टेंट असेल तर वर्षभर पुढे ढकलतात. आमच्या वॉर्डात आलेल्या एका काकांनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घरच्या घरी सगळं बंद केलं होतं. टेबलावर जायच्या आधीच त्यांचा स्टेंट बंद झाला. "शेजाऱ्यांना तर काही झालं नाही," असं त्यांचा मुलगाही म्हणत होता.

तुमच्या वडिलांना काही झालं नाही, फार बरं झालं. त्यावरून दुसऱ्याच्या वडिलांना सल्ला देऊ नका. गोळ्यांची पाकिटं घेऊन भूलतज्ज्ञांना आणि हृदयाच्या डॉक्टरांना भेटायला सांगा, तेही तारीख ठरल्या ठरल्या. आदल्या रात्री नव्हे.

बाकी शेऱ्यांना उत्तर देत नाही. एकच विचारते : वडिलांच्या कोणत्या गोळ्या परत सुरू झाल्या, आणि कधी? बंद करायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, सुरू करायचं डिस्चार्जच्या गडबडीत राहून जातं. कार्डावर तसं लिहिलेलं नसेल तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.