‘जबाबदार’ हा रकाना

आमच्या घराण्यात सरकारविरोधी मत देण्याची परंपरा आहे. बाबांनी १९७७ साली पहिल्यांदा मत दिलं आणि इंदिराबाईंचं सरकार पाडलं. लगेच १९८० साली जनता पक्षालाही पाडलं. पुढं १९९५ साली राज्यात युती आणली आणि १९९९ साली घालवली. ही कामं त्यांनी एकट्यानं केली, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. बाकीचे कोट्यवधी लोक केवळ अनुमोदन द्यायला रांगेत उभे होते. “सरकार कुणाचं का असेना, भाकरी फिरवायची,” हे त्यांचं धोरण. घरातली भाकरी त्यांनी आजवर कधी फिरवलेली नाही, हे आईनं अनेकदा निदर्शनास आणून दिलं होतं.

त्यामुळं १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली, त्याच रात्री मी डायरी घेऊन बसलो. मनात येईल तसा विरोध मला पसंत नाही. पानावर तीन रकाने आखले: ‘तक्रार’, ‘कधीपासून’ आणि ‘जबाबदार’.

“ते दळण तेवढं लक्षात आहे ना?” बायको आतून म्हणाली.

“राज्याचा प्रश्न चाललाय,” मी म्हणालो.

पहिले दोन रकाने भराभर भरले. रस्ता. पाणी, म्हणजे पहाटे साडेचारला येणारं आणि आपण बादली लावेपर्यंत जाणारं. कोपऱ्यावरचा दिवा, जो दिवसा लागतो. तुंबलेलं गटार. तुंबलेल्या गटाराच्या कामाचा शुभारंभ झाल्याचा फलक. जेवायला बसलं की येणारा फोन, ज्यातला आवाज “नमस्कार” म्हणून आपली चौकशी करतो आणि आपण उत्तर देऊ लागलो तरी थांबत नाही. अकरा तक्रारी झाल्या. मग तिसऱ्या रकान्याकडं वळलो आणि तिथं माझी गाडी रुतली.

रस्ता घ्या. तो २०२० साली खणला, २०२२ साली बुजवला, २०२३ साली बुजवलेला पुन्हा खणला. म्हणजे खणणारं सरकार वेगळं, बुजवणारं वेगळं, आणि पुन्हा खणणाऱ्या सरकारात आधीच्या दोन्हींतले काही लोक. हा खड्डा सर्वपक्षीय होता. बरं, रस्ता महापालिकेचा म्हणून नगरसेवकाचं नाव लिहावं, तर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली. तेव्हापासून प्रशासक. प्रशासकाला पाडता येत नाही, कारण त्याला कुणी निवडूनच दिलेलं नसतं.

“सोपं आहे,” बाबा म्हणाले. “सध्या सरकारात कोण? त्याच्या विरोधात मत. संपलं.”

“सध्याचं सरकार गेल्या निवडणुकीत कुठं होतं?”

“कुठं होतं?”

मी वेगळं पान काढलं. २०१९ साली भाजपला १०५ जागा आणि शिवसेनेला ५६. दोघांच्या मिळून १६१, बहुमताला १४५ पुरतात. इथपर्यंतचं गणित शाळेतलं आहे. त्यानंतर राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला सकाळी आम्ही दात घासायच्या आत भाजप आणि राष्ट्रवादीतल्या एका नेत्याचं सरकार आलं, ते २६ तारखेला गेलं. आमचा गॅस सिलेंडर बुक केल्यापासून यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. २८ तारखेला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची महाविकास आघाडी आली. ३० जून २०२२ ला शिवसेनेतला एक गट आणि भाजप. २ जुलै २०२३ ला त्यात राष्ट्रवादीतला एक गट. एकाच विधानसभेत चारही मोठे पक्ष सत्तेत बसून आले होते. सरकारला विरोध करायचा म्हणजे यांतल्या प्रत्येकाला विरोध करायचा आणि पुन्हा यांतल्याच कुणाला तरी मत द्यायचं.

“मग विरोधी पक्षनेता बघ,” बाबांनी मार्ग काढला. “जो पाच वर्षं विरोधात बसला, त्याला मत.”

तेही बघितलं. पहिले विरोधी पक्षनेते जून २०२२ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. त्यांच्या जागी आलेले दुसरे जुलै २०२३ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. विरोधी पक्षनेता हे पद नसून उपमुख्यमंत्रिपदाची प्रतीक्षायादी आहे, अशी माझी खात्री झाली. तिसरे नेते तेवढे जागेवर राहिले. त्यांचं तिकीट बहुधा कन्फर्म झालं नसावं.

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “घड्याळ सरकारात की बाहेर?”

“घड्याळ सरकारात. १९९९ साली ज्यांनी पक्ष काढला, ते बाहेर. त्यांची तुतारी.”

“आणि धनुष्यबाण?”

“आत. मशाल बाहेर.”

“मतपत्रिका होती तेव्हा बरं होतं,” बाबा म्हणाले. “शिक्का मारताना जोर लावता यायचा. आता बटण दाबायचं. बटण तर लिफ्टचंही दाबतो आपण. रागाचं काय?”

मी ‘नोटा’चा विषय काढून पाहिला. २०१३ पासून वरीलपैकी कुणीच नको, असं सांगायची सोय आहे. पण विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली, तरी उमेदवारांत जो पुढं तोच निवडून येतो. “म्हणजे लग्नाला जायचं, आहेर करायचा नाही, जेवायचं नाही, नुसतं रुसून कोपऱ्यात बसायचं,” बाबा म्हणाले. “लग्न लागतंच.”

दिवाळी उलटली आणि प्रचार दारात आला. एका संध्याकाळी गल्लीतला जुना कार्यकर्ता हात जोडून उभा. गळ्यात नवं उपरणं.

“तुम्ही तर त्या पक्षात होतात ना? कधी गेलात इकडं?”

“भाऊ, आम्ही कुठंच गेलो नाही,” तो कळवळून म्हणाला. “पक्ष गेला.”

याला काही उत्तर नसतं. १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला. आधी एक-तृतीयांश आमदारांना मिळून फुटता यायचं. २००३ साली ती सवलत काढली आणि आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तर दोन-तृतीयांश लागतात. मला त्यातून एवढंच उमगलं, की एकट्यानं जायचं नाही, सहल काढायची. पण यात कार्यकर्त्याचं मरण आहे. त्याला बिचाऱ्याला कुणी गुवाहाटीला नेत नाही. तो सकाळी उठतो तेव्हा त्याचा पक्ष रात्रीतून दुसरीकडं राहायला गेलेला असतो, आणि घरातल्या जुन्या उपरण्यांची पायपुसणी होतात.

त्यानं टेबलावरची डायरी पाहिली. “हे काय लिहिलंय? अभ्यास दिसतोय. भाऊ, यातलं ३० जून २०२२ च्या आधीचं असेल, तेवढं आम्हाला द्या. साहेबांच्या भाषणाला उपयोगी पडेल.” मी निवडून देतो म्हणेपर्यंत त्यानं मोबाइलनं अख्ख्या पानाचा फोटो काढलासुद्धा.

तो खाली उतरला आणि जिन्यात थांबलेला दुसरा कार्यकर्ता वर आला. वेगळं उपरणं, तेच हात जोडणं. दोघं एकाच स्कूटरवरून आले होते. पेट्रोल अर्धं अर्धं. “आमच्याकडं ३० जून २०२२ च्या नंतरचं चालेल,” तो म्हणाला आणि त्यानंही अख्ख्या पानाचा फोटो घेतला. निवडायला वेळ कुणाला आहे? संध्याकाळभरात चाळीस घरं करायची असतात.

“दळणाचं बघा,” बायको म्हणाली.

“वीस तारखेच्या मतदानानंतर,” मी म्हणालो. तिनं डायरी उचलून त्यात काहीतरी बघितलं आणि परत ठेवली. मला वाटलं, तिलाही आता राजकारणात रस निर्माण होतोय.

१८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला प्रचार संपणार होता. आमच्या चौकात दोन कोपरा सभा ठरल्या होत्या, चार ते पाच एकाची आणि पाच ते सहा दुसऱ्याची. मंडप एकच, फक्त मागचा पडदा बदलायचा. आम्ही तिघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसलो.

पहिले उमेदवार उभे राहिले. “या परिसरातल्या रस्त्याचं काय झालं?” त्यांनी विचारलं. मी ताठ बसलो. माझंच वाक्य. “पहाटे साडेचारला पाणी येतं, आया-बहिणींनी झोपायचं कधी?” दुसरी तक्रार. कोपऱ्यावरचा दिवा आला, गटार आलं, गटाराचा फलक आला. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. घराण्याचं नाव राखल्यासारखं वाटलं.

अकरावी तक्रार संपली. मला वाटलं, आता मतांचं आवाहन. पण उमेदवारांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, क्षणभर अडखळले आणि मग दुप्पट आवाजात गरजले:

“आणि दळण! गेले पंधरा दिवस दळण तसंच पडून आहे! याला जबाबदार कोण?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायका तर उठून उभ्या राहिल्या. मी सावकाश आत गेलो आणि डायरी उघडली. पानाच्या तळाशी, अकराव्या तक्रारीखाली, बायकोच्या अक्षरात एक ओळ होती. ‘तक्रार’: दळण. ‘कधीपासून’: पंधरा दिवस. ओळ कधी घातली कोण जाणे. पण कार्यकर्ते येण्याच्या आधीच, हे उघड होतं. आणि माझा अख्खा तिसरा रकाना खाडाखोडीनं भरलेला असताना या एका ओळीपुढं मात्र नीट, स्वच्छ, काहीही न खोडता एक शब्द लिहिलेला होता.

बाहेर उमेदवारांनाही तो आता दिसला होता.

“जबाबदार कोण? मी सांगतो!” त्यांनी समोर बोट रोखलं. चौकात समोर आमची इमारतच आहे. “तुम्ही!”

पाच वाजले. पडदा बदलला. दुसरे उमेदवार आले आणि त्यांनी रस्त्यापासून सुरुवात केली. बायकोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती उठून आत गेली आणि गव्हाची पिशवी दाराशी आणून ठेवली. गिरणीही सहालाच बंद होते.

मी जिना उतरत होतो, तेव्हा ते गटाराच्या फलकापर्यंत आले होते. पिशवी खांद्यावर घेऊन मला मंडपासमोरूनच जावं लागणार होतं.

“लवकर चल,” वरून बाबा ओरडले, “दळणावर यायच्या आत!”