मिरज जंक्शनबाहेर तीन मापांचे रूळ मांडा

छोट्या गाडीच्या दोन रुळांवर एकेक पाय ठेवून मी लहानपणी मिरज स्टेशनात उभा राहायचो. मीटरगेजवर कितीही पाय फाकवले तरी पोचायचे नाहीत, आणि मोठ्या लाइनीची तर गोष्टच सोडा. दोन रुळांमधलं अंतर छोट्या गाडीचं अडीच फूट, मीटरगेजचं एक मीटर, मोठ्या लाइनीचं म्हणजे ब्रॉडगेजचं साडेपाच फूट. पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर बरीच वर्षं ही तिन्ही मापं या एका स्टेशनात नांदत होती. लोंढ्याकडे मीटरगेज जायची, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे ‘बार्शी लाइट’.

बार्शी लाइट एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची. 1897 साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला धावली, 1911 ला लातूरला पोचली, 1927 ला मिरजेला. कमी खर्चात रूळ टाकायचे म्हणून माप अरुंद. पण त्याची किंमत जंक्शनवर मोजावी लागायची. डबे दुसऱ्या रुळांवर जाऊच शकत नसल्यामुळे एका वाघिणीतलं, म्हणजे मालडब्यातलं, पोतं हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत जायचं. सगळी पोती, एकेक करून.

माझी आजी डोळ्याच्या ऑपरेशनला कवठेमहांकाळहून याच गाडीनं आली होती. डोळ्यांवर पट्टी, हातात माझ्या वडिलांचा हात, अशी ती परत गेली. मिरज दवाखान्यांचं गाव. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथं मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंचे रुग्ण येताहेत. म्हणून या स्टेशनातल्या सोयी मोजायच्या तर आधी व्हीलचेअर, लिफ्ट, उतार आणि पाठ टेकता येईल असे बाक मोजावेत. रंगरंगोटी मागाहून.

छोटी गाडी बंद झाली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. मग एप्रिल 2016 आला. लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. वाट तीच, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. पण त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणलेल्या, ब्रॉडगेजच्या. रूळ अडीच फुटांचेच राहिले असते तर त्या पंढरपूरच्या दिशेनं एक पाऊलही टाकू शकल्या नसत्या. गेज बदलून मोजकीच वर्षं झाली होती. त्या दिवसापासून माझी तक्रार संपली.

आठवण मात्र पुसू नये. माझी मागणी साधी आहे. स्टेशनबाहेरच्या आवारात तिन्ही मापांच्या रुळांचे दहा-दहा फुटांचे तुकडे शेजारी शेजारी मांडा. वर छप्पर, बाजूला मराठी-कन्नड फलक. त्यावर पोती वाहणाऱ्या हमालांचा उल्लेख हवा, आणि 2016 च्या पाण्याचाही. मोडीत निघणाऱ्या लोखंडातून एवढं सहज होईल.

आणि कुणाच्या घरी छोट्या गाडीचं तिकीट, पास, जुना फोटो असेल तर कृपा करून रद्दीत घालू नका. त्या फलकाशेजारी लावायला लागणार आहे.