एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर: बाटल्या कधी भरायच्या हे हायड्रोमीटर कसं सांगतो

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू सावकाश वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात लिहितो. दिवाळीत मुंबईला आला होतात तेव्हा प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आमच्या काचसामानाच्या दुकानातून तुम्ही हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड आहे हे दाखवणारी तरंगती काचेची नळी) नेलात. पार्ल्याला मावशींकडे तो नळाच्या पाण्यात सोडून पाहिलात, तर १.००० ऐवजी ०.९९८ आलं. पुढे न्यू जर्सीला घरी केलेल्या बिअरमध्ये त्याने १.०१४ दाखवलं आणि रेसिपीत तर १.०१० लिहिलेलं. ‘वस्तूच खराब’ असं ठरवून तुम्ही चौदाव्या दिवशी बाटल्या भरल्यात. आता बूच काढलं की अर्धी बिअर ओट्यावर सांडते आणि एक बाटली कपाटात फुटली. शिवाय आमच्या काउंटरवरचा मुलगा बिअरविषयी काही सांगायला तयार नव्हता.

हायड्रोमीटरचं नंतर बोलू. आधी त्या उरलेल्या बाटल्या. एक फुटली आहे म्हणजे बाकीच्यांतही तोच दाब आहे असं धरून चाला. हातात जाड मोजे, डोळ्यांवर गॉगल आणि बाटलीभोवती जाड टॉवेल, एवढं केल्याशिवाय कपाटाला हात लावू नका. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. गारठ्यात यीस्टचं काम मंदावतं, वायू बिअरमध्ये जास्त विरघळतो आणि वरचा दाब उतरतो. पूर्ण दिवस गार झाल्यावर एकेक बूच किंचित उचलून वायू जाऊ द्या. हे आजच करा, उत्तराचा पुढचा भाग नंतर वाचलात तरी चालेल.

आता ते ०.९९८. हायड्रोमीटरच्या नळीत जी कागदाची पट्टी आहे तिच्या तळाशी बारीक अक्षरांत २० अंश सेल्सिअस छापलंय. त्या तापमानाच्या पाण्यात तो १.००० दाखवतो. मुंबईतल्या स्वयंपाकघरात नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. ते पातळ, म्हणजे हलकं असतं, म्हणून नळी थोडी जास्त बुडते आणि ०.९९७ ते ०.९९८ दिसतं. क्षारांचाही प्रश्न नाही, कारण तानसा-भातसाचं आपलं पाणी पावसाचं, मऊ पाणी आहे. थोडक्यात, मावशींकडे त्याने बरोबर तेच दाखवलं जे दाखवायला हवं होतं. आपल्याकडे २७ अंशांवर जुळवलेले आणि १५.६ अंशांवर जुळवलेलेही हायड्रोमीटर मिळतात. म्हणून कुठूनही घ्या, पहिल्यांदा पट्टीवरचं तापमान वाचा.

तरीही तुमच्या हायड्रोमीटरमध्ये दोष असणं अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. सामानाच्या धक्क्यांत आतली पट्टी सरकू शकते. पण समजा ती दोन रेघा (एक रेघ म्हणजे ०.००१) सरकलीय, तर तो आज दोन रेघा चुकेल, परवाही दोनच चुकेल. बाटल्या भरायच्या की नाहीत हे ठरवायला हा चुकणारा हायड्रोमीटरही पुरतो, कारण यीस्ट साखर खातं तशी बिअर हलकी होऊन आकडा उतरत जातो आणि तिथे बघायचं असतं ते तो थांबलाय का. पोचायचा आकडा रेसिपीवाल्याने त्याच्या माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या धान्यावर), त्याच्या यीस्टवर आणि त्याच्या घरच्या तापमानात काढलेला असतो. तुमची बिअर १.०५२ ला सुरू झाली होती असं तुम्ही लिहिलंय. तिथून १.०१४ म्हणजे १.००० च्या वरच्या ५२ रेघांपैकी ३८, सुमारे ७३ टक्के उतार. एल म्हणजे उबेत आंबवायची बिअर; तिची कितीतरी यीस्ट इथेच थांबतात आणि माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क) वापरलं असेल तर बिअर थोडी वरच राहते. म्हणजे १.०१४ हा शेवटही असू शकतो आणि वाटेतला एक टप्पाही. कुठला, हे एका रीडिंगवरून तुम्हीच काय, पंचवीस वर्षं बिअर करणारा माणूसही सांगू शकणार नाही. तुमच्या रिव्ह्यूत रीडिंग एकच आहे.

दुसरं रीडिंग दोन-तीन दिवसांनी, त्याच तापमानाला घ्यायचं. दोन्ही तंतोतंत सारखी आली तर बाटल्या काढा. एक रेघ जरी उतरली तरी थांबा. ही एक रेघ क्षुल्लक का नाही ते सांगतो. साधारण एलच्या एका लिटरमध्ये सव्वादोन ते अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड असावा असं धरतात. तुमच्या एकोणीस लिटरांसाठी बाटल्या भरताना ११०-१२० ग्रॅम डेक्स्ट्रोज (एक साखर) घालतात ते तेवढ्यासाठीच. बाटलीत भरल्यावर बिअर आणखी ०.००१ उतरली तर दर लिटरमागे जवळपास अर्धा लिटर वायू जादा होतो. १.०१४ ची १.०१० झाली तर दोन लिटर जादा, म्हणजे एकूण साडेचारच्या घरात. साधी बिअरची बाटली त्याच्या बऱ्याच आधी धोक्यात येते.

तुमच्या बाबतीत हेच झालं असावं असं मला वाटतं, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणे फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) गार तळघरात होता आणि भरलेल्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या उबदार कपाटात गेल्या. थंडीत इडलीचं पीठ जसं फुगता फुगत नाही, तसं एल यीस्ट १५ अंशांच्या खाली अडून बसतं. उबेत आलं की राहिलेली साखर खायला लागतं, पण तोवर बूच बसलेलं असतं. खात्री करायची असेल तर गार केलेली एक बाटली पातेल्यात ओता, या ग्लासातून त्या ग्लासात खालीवर करून वायू पूर्ण काढा आणि २० अंशांवर आणून मोजा. १.०१४ पेक्षा स्पष्ट खाली आलं, तर भरताना बिअर अर्धवट होती. तेवढंच आलं, तर संशय साखरेवर: जास्त पडली असेल किंवा नीट न ढवळल्याने काही बाटल्यांत जास्त गेली असेल. खूपच खाली, १.००५ वगैरे आलं आणि चव आंबट-पातळ लागली, तर बाहेरचं यीस्ट किंवा जंतू शिरलेत. मग त्या बाटल्या ओतून द्या.

एअरलॉक (फर्मेंटरच्या झाकणावरची, वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी पाण्याची नळी) दोन दिवस शांत होता असंही तुम्ही म्हणता. त्याच्यावर कधीच विसंबू नका. झाकणाच्या रबरातून वायू निसटत असेल तर आतलं काम जोरात चालू असूनही बुडबुडा येत नाही, आणि खोली तापली तर काम संपल्यावरही येतो. बिअर नितळ होणं, वरचा फेस बसणं याही खुणाच आहेत, पुरावा नाही. नमुन्याची चव मात्र दर वेळी बघा. पाकासारखी गोड किंवा लोण्याच्या वासाची लागली तर फर्मेंटर जरा उबेत आणा आणि आणखी काही दिवस द्या.

रीडिंग घेताना नमुन्यातला वायू आधी काढा. बुडबुडे काचेला चिकटले की ते नळी वर उचलतात आणि आकडा खरा असतो त्याहून जास्त दिसतो. नळी बोटांनी हलकेच गरकन फिरवून सोडा, ती बाजूच्या काचेला टेकता कामा नये. डोळे पातळीवर आणून पृष्ठभागाच्या खालच्या कडेचं वाचा, काचेला चढलेल्या कडेचं नाही. तो नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका.

पुढच्या वेळी एक गोष्ट जरूर करा. पहिल्याच दिवशी, यीस्ट घातल्यावर, त्यातली ग्लासभर बिअर बाजूला काढा, तिच्यात चिमूटभर यीस्ट जादा घाला, वर सैल झाकण ठेवा, २५ अंशांच्या उबेत ठेवा आणि अधूनमधून हलवत राहा. मोठ्या फर्मेंटरच्या आधी ती जिथे थांबेल, तो तुमच्या बिअरचा शेवटचा आकडा. बिअर करणारे व्यावसायिकही हे करतात. शहरातल्या मायक्रोब्रुअरींना आम्ही काचसामान देतो आणि हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

काउंटरवरच्या मुलाबद्दल. त्याने जे केलं ते माझ्या सांगण्यावरून केलं, त्याला बोल लावू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरच्यापुरती मुभा दिली. समोरचं गिऱ्हाईक कुठे राहतं हे त्या मुलाला कळायला मार्ग नसतो, त्यामुळे तो हायड्रोमीटर कसा वापरायचा एवढंच सांगतो आणि यापुढेही तेवढंच सांगेल.

राहिला हायड्रोमीटर. डिस्टिल्ड वॉटर २० अंशांवर आणा, त्यात सोडा आणि रीडिंगचा फोटो दुकानाच्या ईमेलवर पाठवा. एका रेघेपेक्षा जास्त फरक दिसला तर मावशींना किंवा कुणालाही दुकानात पाठवा, नवीन देतो किंवा पैसे परत करतो. बिल सापडलं नाही तरी चालेल. नवीन देताना आमच्याकडच्या सर्टिफिकेटवाल्या हायड्रोमीटरशेजारी एकाच सिलिंडरमध्ये तपासून, तेव्हाचं रीडिंग आणि तापमान डबीवर लिहून देऊ. रविवारी दुकान बंद असतं.

— दुकानाचे मालक, प्रिन्सेस स्ट्रीट, मुंबई