'घरफाळा भरू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले दोन आठवडे एक मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरायलाय, आमच्या तालमीच्या ग्रुपवर तर एकाच दिवशी तिघांनी टाकला. म्हणणं असं की महापालिका असो नाहीतर ग्रामपंचायत, यांचं ऑडिट होतच नाही, हिशोब मागायचा हक्क सामान्य माणसाला नाही, बजेटातले कोटी खाल्ले जातात, आणि म्हणून घरफाळा, म्हणजे घराचा मालमत्ता कर, भरू नका. राग मला कळतो, खड्ड्यातनं माझीही गाडी जाते. पण यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि शेवटचं तर आपल्याच अंगलट येणारं.

ऑडिट होत नाही, हे खोटं. ग्रामपंचायतींचं दप्तर स्थानिक निधी लेखापरीक्षावाले तपासतात, तो कायदा 1930 सालचा आहे. महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक हे पदच त्यासाठी आहे, आणि त्यानं दर आठवड्याला हिशोब तपासून स्थायी समितीला अहवाल द्यायचा असं कायद्यात लिहिलंय.

एकीकडं ऑडिट होत नाही म्हणायचं आणि त्याच मेसेजमध्ये ऑडिटात सापडलेली सगळी रक्कम 'खाल्लेली' म्हणून दाखवलीय. अहो, अहवालात दोन वेगळे शब्द असतात, आक्षेपाधीन आणि वसूलपात्र. पावती फाईलला लावली नाही, टेंडरचा कागद सापडला नाही, तर ती रक्कम आक्षेपाधीन. कागद दाखवला की तो पॅरा, म्हणजे अहवालातला तो आक्षेप, वगळला जातो. जादा दिलेलं बिल, न झालेल्या कामाचे पैसे, हे वसूलपात्र. दोन्हीची बेरीज करून घोटाळा म्हटलं की ज्यानं खरंच पैसे उचललेत तोही त्या गर्दीत लपतो. विचारायचं ते हे की वसूलपात्र किती, त्यातले वसूल किती झाले आणि अनुपालन, म्हणजे आक्षेपांना द्यायचं उत्तर, किती वर्षं पडून आहे. खरा घोळ तिथंच असतो, पॅरे वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि तोवर माणसं बदलून जातात.

हक्क नाही म्हणणाऱ्यांनी तर 2018 चा शासन निर्णय वाचावा. जिल्ह्यातली सरकारी कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 कुणीही जाऊन रेकॉर्ड बघू शकतो, फुकट. करवीर तालुक्यात माझ्या मामाचं गाव आहे, तिथं गटारीच्या कामाची फाईल आम्ही अशीच मागितली. क्लार्क आधी म्हणाला साहेब नाहीत, मग मामांनी निर्णयाची प्रिंट पुढं केली तेव्हा कपाट उघडलं. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, गटार 80 मीटर. संध्याकाळी मामा एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला टेप धरून बसलो, भरली 62. लेखी अर्ज दिला, ग्रामसभेत विषय घेतला, आणि राहिलेली 18 मीटर पावसाळ्याच्या आत झाली. एका टेपवर.

ज्याला कार्यालयात जायचं नाही त्यानं मोबाईलवर ई-ग्रामस्वराज हे केंद्र सरकारचं पोर्टल उघडावं, आपल्या गावाचं नाव टाकलं की केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशातनं कुठल्या कामाला किती गेले ते दिसतं.

बजेटाचं म्हणाल तर बजेट म्हणजे अंदाज, तिजोरीतली रक्कम नव्हे. त्यात शासनाकडनं येणारी अनुदानं धरलेली असतात, त्यातली काही येतात, काही अर्धी येतात, काही येतच नाहीत. त्यामुळं पहिल्या पानावरचा आकडा घेऊन भांडण्यात अर्थ नाही, मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च आणि ठेकेदारांची थकलेली देणी हे दोन रकाने बघा.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला पटते, की विचारणारं कुणी नव्हतं. आपल्या महापालिकेत 2020 च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच होता. बजेट मांडणार तोच, मंजूर करणारही तोच, स्थायी समितीत उठून जाब विचारायला नगरसेवकच नाही. हे वाईट होतं, आणि त्यावर आपण फार गप्प बसलो.

आणि घरफाळा? थकवला की महापालिका महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लावते, ती तुम्हीच भरणार. शिवाय 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळात शहरांच्या अनुदानाला दोन अटी घातल्या होत्या, हिशोब ऑनलाइन जाहीर पाहिजेत आणि घरफाळ्याची वसुली वाढती पाहिजे. आपण भरला नाही तर शहराचं येणारं अनुदानही अडकू शकतं, आणि मग रस्त्याला पैसे नाहीत हे त्यांचं उत्तर खरं ठरतं.

येत्या सोमवारी तीन वाजता मी आमच्या गल्लीच्या रस्त्याची फाईल मागायला जाणार आहे. कुणाला यायचं असेल त्यानं वही-पेन आणि टेप घेऊन यावं.