मागे येत नाही

आज संध्याकाळी लेकीच्या रोलर हॉकीच्या कोचने एक कागद हातात ठेवला. जमेच्या बाजू : एक ओळ. उणिवा : सहा ओळी. त्यातली पहिली लाल पेनने अधोरेखित, 'मागे येत नाही.' म्हणजे बचावाला परतत नाही. पोरीचं वय अकरा! घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर तो कागद डॅशबोर्डवर पडून होता आणि माझं डोकं तापत होतं.

ओवेच्किनबद्दलही लोक वर्षानुवर्षं हेच बोलत आलेत. आइस हॉकीतल्या वॉशिंग्टन कॅपिटल्सचा लेफ्ट विंगर, डावीकडून हल्ला चढवणारा. 2013-14 च्या मोसमात 51 गोल, पण प्लस-मायनस उणे 35. म्हणजे हा बर्फावर असताना संघाने खाल्ले जास्त, केले कमी. झालं, तो आकडा कायमचा चिकटला. पॉवर प्लेवरचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचे गोल या हिशेबात धरतच नाहीत आणि त्या मोसमातले त्याचे जवळपास निम्मे तिथलेच, हे कोण बोलणार?

आमच्या दादाचं माहीत असेल तुम्हाला, तरी सांगतो. खारेगावात कबड्डी खेळायचा, चढाईला वाघ. उपांत्य सामन्यात मोठ्यांनी त्याला बसवला. कारण? 'पकडीत कच्चा.' त्याच्या जागी घेतलेला पकडीत पक्का होता, चढाईला गेला की बाद! नऊ गुणांनी हरलो. दादा गुडघ्याची पट्टी सोडत बसून राहिला.

ओवेच्किन उजव्या हाताचा आणि उभा राहणार डावीकडच्या वर्तुळात. पास तिथेच येणार हे गोलकीपरला ठाऊक, माझ्या आईलाही आता ठाऊक. तरी आलेला पक (हॉकीची रबरी चकती) न अडवता फटका मारतो आणि जाळं हलतं. 6 एप्रिल 2025 ला, आपल्याकडे रविवारची रात्र, आयलंडर्सविरुद्धचा कारकिर्दीतला 895 वा गोल तिथूनच. ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मागे पडला. टीव्हीचा आवाज बंद ठेवून मी हॉलमध्ये एकटाच नाचलो.

हो, शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एकेक पाळी, फार लांबवतो. आणि 2018 ला स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा समोरच्यांच्या फटक्यांपुढे आडवाही पडत होता, म्हणजे जमत होतं साहेबांना. बरं.

पण उणिवेला सहा ओळी आणि गोलला एक? दादालाही असाच कागद मिळाला असता, कागद द्यायची पद्धत नव्हती इतकंच.

हे सगळं टाइप करता करता दादालाच फोन लावला. वाटलं, तो माझ्याहून भडकेल. सगळं ऐकून म्हणाला, "मग शिकव ना तिला मागे यायला. मला पकड कोणी शिकवलीच नाही रे, नुसते ओरडायचे."

मी गप्प.

मघाशी ती विचारत होती, "बाबा, मागे यायचं म्हणजे नेमकं कधी?" मला तरी कुठे येतं! आता खाली पार्किंगमध्ये उलटं स्केटिंग चाललंय. वॉचमनकाकांनी खुर्ची बाजूला घेतलीय. कोचला उद्या फोन करतो, जमलं तर आवाज न चढवता.